उघडी हरकत

मेथीची जुडी हातात धरून मी देठं मोडून बघत होते, तेवढ्यात पाठीमागच्या भोंग्यातून माझं नाव आलं.

बुधवारचा बाजार होता. हिंगणवेळच्या बाजारतळावर भोंग्यांचं कुणाला काही वाटत नाही. उंदराचं औषध, जुन्या साड्यांवर भांडी, हरवलेली शेळी, सगळं भोंग्यावरच चालतं. पण ही रिक्षा खराडे पॅनेलची होती आणि आत बंडू पुकारणारा बसला होता. शाळेत हजेरी घ्यावी तसा तो सावकाश म्हणाला, "पद्मजा सन्मती मगदूम. प्रभाग चार, महिला राखीव. यांच्या उमेदवारीला हरकत आलीय, मंडळी. काय हरकत, ऐका. बाळ सात महिन्यांचं आहे. पद्मजाला सभांना वेळ देता येणार नाही."

मग त्यानं दम घेतला. बंडूला दम कुठं घ्यायचा ते बरोबर कळायचं.

"आता हरकत घेतली कुणी, विचारा की. नवऱ्यानं."

शेवंतामावशी माझ्यासाठी मिरच्या तोलत होत्या. त्यांचा तराजू तसाच अधांतरी राहिला. चंदना माझ्या खांद्यावर होती, पदराचा काठ चोखत. आजूबाजूच्या बायकांनी माझ्याकडं पाहिलं आणि लगेच भाजीकडं पाहिलं. ते दुसरं पाहणं जास्त लागलं.

"आमच्या पदरचं काय न्हाई हां," बंडू पुढं म्हणाला. "त्यांच्याच पक्षाच्या फळ्यावर लावलंय, त्यांच्याच पानावर छापलंय. उघड्यापाशी नागडं गेलं..."

आणि बाजारातल्या चारदोन बाप्यांनी ते पुरं केलं, "...सारी रात हिवानं मेलं."

रिक्षा पुढच्या कोपऱ्यावर गेली. तिथं पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं.

"मिरच्या घे," शेवंतामावशी म्हणाल्या. "आणि रडायचं असलं तर घरला जाऊन रड. हितं न्हाई."

मी रडणार नव्हते. मला राग आला होता, आणि तो नेमका कुणावर काढायचा ते ठरत नव्हतं. कारण ती हरकत फळ्यावर लिही, असं नवऱ्याला मीच सांगितलं होतं.

ते कसं, हे सांगायचं तर समीर मुल्लाबद्दल सांगायला हवं.

समीर आमच्या गल्लीतला. पुण्यात नोकरी करून परत आलेला, घरात बसून संगणकाचं काम करणारा. त्याचं काम म्हणजे काय, हे गावात कुणालाच धड माहीत नव्हतं. विचारलं की तो सांगायचा, जगात असे प्रोग्रॅम आहेत जे कुणा एकाच्या मालकीचे नाहीत. आत काय लिहिलंय ते कुणीही वाचावं, चूक दिसली तर नावानिशी दाखवावी, जमलं तर दुरुस्त करावी, आणि हवं तर सगळंच्या सगळं उचलून नेऊन आपलं वेगळं करावं. "आपले फोन ज्याच्यावर चालतात, त्यातलं कितीतरी असं लोकांनी उघड्यावर बसून, एकमेकांच्या चुका काढत लिहिलंय," तो म्हणायचा. "मग पक्ष का न्हाई चालणार तसा? आपल्याकडं पक्ष म्हणजे खानावळ. ताट पुढ्यात येतं, पण आत काय शिजलं ते बघायला गेलात तर दारातच अडवतात."

नगरपंचायतीची निवडणूक लागली तेव्हा त्याच्या ह्या बोलण्यातून खुली नगर आघाडी निघाली. शिक्षक, दोन शेतकरी, एक शिंपी, मी. आमचा जाहीरनामा इंटरनेटच्या एका पानावर होता आणि त्यातलं प्रत्येक वाक्य कुणी घातलं, कुणी बदललं, का बदललं, हे खाली दिसायचं. ज्यांना फोनवर वाचता येत नाही त्यांच्यासाठी वाचनालयापुढच्या फळ्यावर रोज सकाळी छापील कागद लागायचे. गाव हसायचं. आम्हाला उघडा पक्ष म्हणायचं. पण वाचायलाही यायचं. बाजारतळावर बायकांसाठी दार, पाणी आणि दिवा असलेलं स्वच्छतागृह हे कलम माझं होतं, आणि 'दिवा' हा शब्द त्यात शेवंतामावशींनी घालायला लावला होता. तसं त्यांचं नावही तिथं होतं.

उमेदवार ठरवायचे तेही असेच. ज्याला उभं राहायचंय त्यानं नाव लावायचं. ज्याची हरकत असेल त्यानं नाव घालून लिहायची. हरकत खोडता येणार नाही. खाली उत्तर द्यायचं, आणि उत्तरानं भागलं की नाही ते हरकत घेणाऱ्यानंच सांगायचं. तोवर उमेदवारी पक्की नाही. समीर म्हणायचा, चूक दाखवणारा माणूस शत्रू नसतो, कामाला आलेला तो पहिला माणूस असतो.

मला हा नियम फार आवडला होता. बाईची उमेदवारी कुठं मरते ते मला माहीत होतं. ती चौकात मरत नाही. ती चुलीपाशी मरते, 'बघ बाई, तुझं तू ठरव' ह्या वाक्यानं. म्हणून सन्मती एकदा जेवताना म्हणाला, "पद्मा, उभं राहायचं म्हणतीस, पण मला एक वाटतंय", तेव्हा मी पुढं बोलूच दिलं नाही. म्हटलं, "घरात बोलायचं नाही. काय वाटतंय ते फळ्यावर लिही. सगळ्यांसारखं, नावानिशी."

त्याच्या आईसमोर मी त्याला 'अहो' म्हणायचे आणि दोघंच असलो की 'तू'. त्या वेळी आक्का देवळात गेल्या होत्या.

भाकरीचा उरलेला तुकडा वाटीत बुडवून त्यानं खाल्ला आणि हात धुतले. सन्मतीची मोटर रिवाइंडिंगची वर्कशॉप आहे. जळालेल्या पाणमोटारी लोक आणून टाकतात, तो त्या खोलतो, जळकी तार उपसून काढतो, नवी भरतो. सांगितलेलं काम तो सांगितल्याप्रमाणं करतो. हेही त्यानं तसंच केलं.

बाजारातून मी थेट समीरच्या चुलत्याच्या बेदाण्याच्या शेडवर गेले. तिथं आमची बैठक असायची. हंगाम नव्हता, पण बेदाण्याला धुरी देतात त्या गंधकाचा वास भिंतींना तसाच होता. समीर लॅपटॉप मांडीवर घेऊन मोकळ्या क्रेटवर बसला होता. मला बघून त्यानं पान झाकायला गेल्यासारखा हात केला, मग स्वतःचीच लाज वाटून मागं घेतला.

"काढून टाकतो, वहिनी," तो म्हणाला. "फळ्यावरचा कागद मघाशीच फाडून आणलाय. पानावरचंही एका मिनिटाचं काम आहे."

"खोडायचं नाही असा नियम आहे ना?"

"नियम आपणच केलाय. एकदा मोडू. उद्या तीनच्या आत अर्ज भरायचाय. आज संध्याकाळच्या सभेत ह्याचं उत्तर मिळालं नाही तर आपल्याकडं चार नंबरात माणूसच उरत नाही. खराड्यांची सून घरबसल्या निवडून येईल."

मी चंदनाला पोत्यावर बसवलं. ती पुढं कलंडली, तिला पुन्हा सरळ केलं.

"तुम्ही पुढचं वाचलंय का?" समीरनं विचारलं. "बंडूनं पहिली दोनच वाक्यं वाचली."

"नाही."

"वाचू नका. पुढचं ह्याहून अवघड आहे. घरातलं सगळं चव्हाट्यावर मांडलंय हो त्यानं. मला तर काय म्हणावं तेच कळलं नाही."

सात महिने मी नीट झोपले नव्हते. ह्या सात महिन्यांत मी काय काय बोलले असेन, किती वेळा भांडं आपटलं असेन, एकदा चंदना रडायची थांबेना तेव्हा तिला पाळण्यात ठेवून परसात जाऊन उभी राहिले होते, तेही त्यानं पाहिलं होतं. ते सगळं आता कागदावर आलं असणार. वाचून बघावं असं क्षणभर वाटलं. पण वाचलं असतं तर मीच म्हटलं असतं, काढ.

"राहू दे," मी म्हटलं.

"वहिनी..."

"आज नवऱ्याची हरकत काढली तर उद्या खराडे म्हणतील, ह्यांच्यातही नको असलेलं रातोरात गायब होतं. मग आपण आणि ते वेगळे कसे? आणि एक सांग. हे काढायची चावी कुणाकुणाकडं आहे?"

त्यानं लॅपटॉपकडं पाहिलं. "माझ्याकडंच," म्हणाला.

"मग तेही बदल. आणि कागद परत लाव."

हे मी फार धीरानं बोलले असं त्याला वाटलं असेल. तसं नव्हतं. गावानं ऐकलंच होतं, आता झाकून ते न ऐकल्यासारखं होणार नव्हतं. आणि खरं सांगायचं तर मला त्यानं तोंडघशी पडावं असंही वाटत होतं. सन्मतीनं. काय लिहिलंय ते सगळ्यांसमोर उभं राहून ऐकावं.

त्याचा डबा द्यायला मला जायचंच होतं. वर्कशॉपमध्ये व्हार्निशचा वास भरून राहिलेला. तो स्टुलावर बसून तार गुंडाळत होता. तार गुंडाळताना त्याच्याशी बोलायचं नसतं, वेढे मनात मोजत असतो. एक चुकला की सगळी कॉइल सोडून पुन्हा करावी लागते. लग्न झाल्यापासून मी दारात थांबायची सवय लावून घेतली होती.

त्या दिवशी मी दारात थांबले आणि त्यानंच तार हातातून सोडली.

"बाजारात गेलतीस?"

"हो."

"वाचलंस?"

"ऐकलं."

"सगळं?"

"गावानं ऐकलं तेवढं."

त्यानं हात पुसायचं फडकं घेतलं. हात काही फार मळलेले नव्हते. "पद्मा, ते पुढं..."

"घरात बोलायचं नाही असं ठरलंय," मी म्हटलं. डबा ठेवला. "संध्याकाळी बोलू. सगळ्यांसमोर."

"हे घर न्हाई, दुकान आहे," तो म्हणाला. इतका बारीक विनोद तो क्वचित करतो. मी हसले नाही. चंदनानं त्याच्याकडं हात पसरले. त्यानं तिच्या गालाला बोट लावलं, काळं लागेल म्हणून लगेच मागं घेतलं. मी निघाले.

संध्याकाळी वाचनालयापुढं नेहमीच्या चौपट माणूस जमलं होतं. जाहीरनाम्याला कधी इतकं आलं नव्हतं. नवराबायकोचं भांडण ऐकायला सगळा गाव येतो. बंडूनं रिक्षा समोरच्या वडापावच्या गाड्यापाशी लावली होती आणि तो चहा पीत बसला होता, बोलावणं नसलेल्या पाहुण्यासारखा ऐटीत. कडेला, बायकांच्या मागं, आक्का उभ्या होत्या. त्या आमच्या एकाही सभेला कधी आल्या नव्हत्या. डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत ओढलेला.

आमच्याकडं हरकत वाचायची ती ज्याच्यावर आहे त्यानंच. मोठ्यानं, सगळी. समीरनं फळ्यावरचा कागद काढून माझ्या हातात दिला. चंदना कडेवर होती, तिनं लगेच कागदाचा कोपरा पकडला. सन्मती पुढच्या रांगेत, गुडघ्यांवर हात ठेवून बसला होता. दुकानातलाच शर्ट अंगात.

मी वाचायला लागले.

"पद्मजा मगदूम यांच्या उमेदवारीला माझी हरकत आहे. बाळ सात महिन्यांचं आहे. पद्मजाला सभांना वेळ देता येणार नाही."

इथवर लोकांना पाठ होतं. गाड्यापाशी कुणीतरी खाकरलं.

"कारण बाळ माझ्याकडं राहत नाही. राहत नाही म्हणजे, मी कधी ठेवून घेतलेलं नाही."

मी थांबले. मग पुन्हा सुरू केलं, कारण नियम तसा होता, आणि कारण थांबून मला काय करायचं ते सुचत नव्हतं.

"रडायला लागलं की मी पद्मजाला हाक मारतो. ती भाकरी टाकत असली तरी मारतो, अंघोळीला गेलेली असली तरी मारतो. आई म्हणते बाप्यांना जमत नाही. मला ते सोयीचं पडतं म्हणून मी खरं धरून चालतो. ती निवडून आली तर पाच वर्षं प्रत्येक सभेत मी हाक मारीन, ती उठून येईल, आणि गाव म्हणेल बाईमाणसाला जमलं नाही. अडचण तिची नाही, पण निस्तरावी तिला लागेल. मी हे घरात सांगणार होतो. हे मिटवायचं कसं ते मला कळत नाही, म्हणून इथं लिहितो. सन्मती मगदूम, नवरा."

हसायला आलेले लोक होते, पण हसायचं नेमकं कुठं तेच हरवलं. मी कागदाकडंच बघत राहिले. अक्षर छापील होतं, तरी मला त्याचं हस्ताक्षर दिसत होतं, एकेक अक्षर वेगळं काढलेलं, तारेच्या वेढ्यासारखं शेजारी शेजारी.

"उत्तर कोण देणार?" समीरनं विचारलं.

"घरचंच सरकार पडलं की ओ," बंडू लांबून म्हणाला. एकदोघं हसले, पण सवयीनं.

शिंप्याची बायको पुढं आली. म्हणाली, पोरीला माझ्याकडं सोड, माझी दोन आहेतच, तिसरी कुठं जड आहे. मग शिक्षकांच्या घरून कुणीतरी म्हणालं, शनिवार-रविवार आम्ही बघू. एकीनं पाळणाघराचं कलमच जाहीरनाम्यात घाला म्हणून सांगितलं. समीर भराभर लिहून घेत होता. त्याचा चेहरा उजळला होता. त्याला वाटत होतं, हेच ते, एकानं अडचण लिहिली आणि दहाजण हात लावायला आले. खरंही होतं ते. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं होतं. पण काहीतरी चुकत होतं, आणि काय ते माझ्या आधी शेवंतामावशींच्या लक्षात आलं.

"अगं बायांनो," त्या टोपलीवर बसल्या होत्या तिथूनच म्हणाल्या, "त्यानं पोरीला ठेवायला जागा मागितलीय व्हय? काय लिवलंय ते तरी नीट ऐका."

मग माझं तोंड उघडलं.

"दुकानात मोटर येते," मी सन्मतीकडं बघून म्हटलं. "गिऱ्हाईक म्हणतं, फ्यूज बदलून द्या, लगेच न्यायचीय. तू काय सांगतोस त्याला?"

मी त्याला चारचौघांत पहिल्यांदाच 'तू' म्हटलं होतं. आक्कांनी पदर आणखी पुढं ओढला. तो मात्र नेहमीसारखा विचार करून बोलला.

"फ्यूज बदलून उपयोग न्हाई म्हणतो. आतलं वाइंडिंग जळलंय."

"मग?"

"खोलावी लागंल."

तेवढ्यात चंदना रडायला लागली. तिची दूध प्यायची वेळ अजून झाली नव्हती. नुसती कंटाळली होती, माणसांना, माझ्या घामाला. आधी कुरकुर, मग मोकळा गळा. माझा हात आपोआप पदराकडं गेला आणि पाय आपोआप वळला.

सन्मती उठून समोर आला. त्यानं हात पुढं केले. हात पुढं करून तो मला म्हणाला, "दे." आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल असं, "तू बोल. बाजारतळाचं ते कलम सांगायचं राहिलंय तुझं."

मी दिली.

ती त्याच्याकडं गेल्यावर गप्प झाली, असं सांगितलं तर ऐकायला गोड वाटेल. ती अजिबात गप्प झाली नाही. ती दुप्पट रडली. त्यानं तिला उभं धरलं, आडवं धरलं, दुकानातल्या जड मोटारीसारखं छातीशी धरलं. फळ्यापासून गाड्यापर्यंत चालला, परत आला. आक्का दोन पावलं पुढं झाल्या, "आण इकडं," म्हणाल्या. त्यानं मान हलवली. आक्कांचा हात तसाच हवेत राहिला, मग त्यांनी तो खाली घेतला. मी बाजारतळाच्या स्वच्छतागृहाबद्दल बोलत होते. पाणी कुठून येईल, दाराला आतून कडी का पाहिजे, दिव्याचं बिल कुणी भरायचं. मला माझाच आवाज ऐकू येत नव्हता. पान्हा फुटून ब्लाउज भिजला होता आणि मी पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन बोलत होते. बाळ रडतं आणि आई उठत नाही, हे आईच्या अंगाला काय करतं ते फक्त आईलाच कळतं. गावाला वाटलं असेल, काय दगड आहे बाई.

एकदा तो माझ्या अगदी समोर येऊन थांबला. चंदना काळीनिळी होऊन रडत होती. त्यानं माझ्याकडं पाहिलं. त्याचं तोंड उघडलं, 'प'पुरते ओठ मिटलेसुद्धा. मी वाक्याच्या मध्ये होते. मला वाटलं आता हाक येणार, आणि आली तर मी जाणार, आणि मग सगळं संपलं.

त्यानं तोंड मिटलं आणि पुन्हा गाड्याकडं चालत गेला. बंडूनं चहाचा कप खाली ठेवला आणि रिक्षातला भोंगा काढून चंदनापुढं धरला, खेळायला. भोंग्याच्या तोंडात हात घालता घालता तिचं रडणं हुंदक्यांवर आलं, मग तेही विरळ झालं.

माझं बोलून झालं. समीरनं विचारलं, "सन्मतीदादा, हरकत तुमची. तुम्हीच सांगायचं. मिटली?"

सगळ्यांनी मान वळवली. सन्मतीच्या खांद्यावर लाळेचा मोठा डाग होता. चंदना अजून हुंदके देत होती.

"न्हाई," तो म्हणाला.

लोक हसले. पहिल्यांदा मोकळं हसले. तो हसला नाही.

"एका संध्याकाळी कशी मिटंल? आज हाक मारली न्हाई, एवढंच झालं. उद्याचं उद्या. मी मिटली म्हटलं तर खोटं होईल आणि मग कुणी विचारणारही न्हाई. ती उघडीच राहू दे." मग म्हणाला, "पण हिचा अर्ज भरा."

समीर अडचणीत पडला. नियमाप्रमाणं मिटल्याशिवाय उमेदवारी नव्हती. तेव्हा शेवंतामावशी म्हणाल्या, नियम काय देवानं लिवलाय का, बदला की. तिथंच, त्या चौकात, हात वर करून नियम बदलला: हरकत उघडी ठेवूनही माणूस उभा राहू शकतो, मात्र ती फळ्यावरून हलवायची नाही. सुचवणाऱ्याच्या जागी शेवंता बाबू माळी असं नाव लागलं. हात वर करणाऱ्यांत एक हात मागून आला, बायकांच्या मागून. आक्कांनी तो फार वर नेला नाही, पदराच्या उंचीपर्यंतच.

दुसऱ्या दिवशी मी अर्ज भरला. मी निवडून आले. आमच्यातले फक्त दोघेच आले, नगरपंचायत खराड्यांचीच राहिली. बाजारतळाचं कलम त्यांनी आमच्या पानावरून जसंच्या तसं उचललं आणि स्वतःच्या नावानं बांधून काढलं. समीर म्हणाला, उचलू दे, त्यासाठीच उघडं ठेवलंय. शेवंतामावशींना एवढंच समाधान की दिवा आहे. पुढच्या निवडणुकीत शेजारच्या गावातल्या पोरांनी आमचं सगळं पान नेलं, त्यात एक ओळ नवी घातली. प्रत्येक उमेदवारानं, बाई असो की बाप्या, लिहून द्यायचं: तुम्ही सभेला गेल्यावर घरात तुमचं काम कोण करणार. पुरुषांची उत्तरं वाचायला त्या गावात अजून गर्दी होते म्हणे.

आमच्या पानावर सन्मतीची हरकत अजून आहे. मिटलेल्या हरकतीपुढं हिरवी खूण येते, तिच्यापुढं नाही. खाली तो मधूनमधून लिहितो. 'दूध पाजायला शिकलो.' 'काल हाक मारली, उन्हाळ्याची कामं फार आहेत.' 'चंदनाला ताप होता, पद्मजा सभेत होती, सांगितलं नाही, नंतर सांगितलं, भांडण झालं.' मागच्या वर्षी धाकटा झाला तेव्हा लिहिलं, 'पुन्हा पहिल्यापासून.' लोक वाचतात. एकदा बाजारात मला बंडूनं अडवून विचारलं, वहिनी, मिटली का ओ ती? त्याची बायको बाळंत व्हायची होती. म्हटलं, नाही अजून. तो म्हणाला, मग बरंय.

चंदना आता शाळेत जाते. आज सुट्टी म्हणून ती आक्कांपाशी पापड लाटायला बसलीय, आणि मी माडीवर येऊन हे लिहितेय. खाली धाकटा रडायला लागलाय, मघापासून. सन्मतीची पावलं ऐकू येताहेत, स्वयंपाकघर ते सोपा, सोपा ते स्वयंपाकघर.

हाक अजून आलेली नाही.